गंगापूर रोडची पाटी आणि घरातला पहिला धडा



ऊस विकास खात्याकडून लेख आला म्हणजे बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा हेच विषय असणार, अशी आपली अपेक्षा असते. ती रास्तच आहे. या अंकात मात्र आम्ही जरा निराळा विषय घेतला आहे. घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाचायला कसे शिकवावे, आणि तेही आपल्याच ओसरीवर, दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटांत, हा तो विषय.

गटागटांतून हिंडताना उसाची चौकशी संपली की गोष्ट हमखास मुलांच्या शिक्षणावर येते. आपल्या पुष्कळ सभासदांनी मुलांच्या शाळेपायी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूस खोल्या घेतल्या आहेत. मुलांबरोबर आजी किंवा आई तिकडे, कारभारी इकडे मळ्यात, असा दोन ठिकाणचा संसार चालू आहे. खर्च चांगलाच येतो. एवढे करूनही दोन तक्रारी आमच्या कानावर पुन्हा पुन्हा येतात. "पोराची सगळी बाराखडी पाठ आहे साहेब, पण नवं पुस्तक उघडलं की गप्प बसतं," ही पहिली. "एबीसीडी घडाघडा म्हणते, पण वाचायला लावलं की अंदाजानं ठोकून देते," ही दुसरी. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि त्यावरचा उपायही एकच आहे.

हा प्रश्न एकट्या आपल्या भागाचा नाही. 'प्रथम' ही संस्था २००५ सालापासून देशाच्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासते. 'असर' या नावाने तो अहवाल निघतो. २०२२ च्या अहवालात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे वीस-एकवीस मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२४ च्या अहवालात हा आकडा सुमारे सत्तावीस झाला. सुधारणा आहे, पण शंभरातली सत्तरहून अधिक मुले अजून मागेच आहेत. पुढे चौथी-पाचवीत गणिताचे उदाहरणसुद्धा वाचूनच सोडवायचे असते. ज्याला वाचता येत नाही, तो गणितातही मागे पडतो. मग लोक म्हणतात, पोराला डोकंच नाही. डोके असते, पण लागणीतच चूक झालेली असते.

पाठांतर म्हणजे वाचन नव्हे

आपल्या मुलाला खरोखर वाचता येते की नाही, हे आजच संध्याकाळी पाहावे. शाळेचे पुस्तक देऊ नये. ते पान त्याचे पाठ असते आणि चित्र पाहून ते धाडधाड म्हणून दाखवते. खताच्या पोत्यावरचे 'युरिया' हे नावही चालणार नाही, कारण ते पोत्याच्या रंगावरून ओळखले जाते. कोरी पाटी घ्यावी आणि तिच्यावर 'रोप' किंवा 'डोंगर' असा साधा शब्द लिहावा. चित्र नको, खूण नको. मुलाने तो वाचला तर उत्तम. "र रथाचा, प पतंगाचा" असे म्हणून ते थांबले, तर काय अडले आहे ते आपल्याला कळले.

बाराखडीचे पाठांतर वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पण बेण्याची मोळी बांधावर आणून ठेवली म्हणजे लागण झाली असे आपण म्हणत नाही. टिपरी सरीत पडली पाहिजे, तिच्यावर माती आणि पाणी पडले पाहिजे. तसेच अक्षर शब्दात पडले पाहिजे. बावन्न अक्षरे आधी पाठ करायची आणि मग कधीतरी शब्द वाचायचे, यात वर्ष निघून जाते आणि मुलाला वाचनाची गोडी लागत नाही.

दुसरी अडचण नावांची. आपण 'ग' शिकवताना 'गवताचा ग' म्हणतो, आणि 'गा' शिकवताना 'ग ला काना गा' म्हणतो. ही नावे मोठ्यांच्या सोयीची आहेत. वाचताना 'काना' उच्चारायचा नसतो आणि गवतही मध्ये आणायचे नसते, 'गा' एवढेच म्हणायचे असते. मराठीची लिपी याबाबत फार सरळ आहे. तिच्यात अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज बहुतेक एकच असतो. 'ग' दिसला की 'ग' म्हणा, झाले. ही सोय इंग्रजीत नाही.

आधी कान, मग डोळे

अक्षर दाखवण्यापूर्वी मुलाच्या कानाला आवाज वेगळे ओळखता आले पाहिजेत. यासाठी पाटी-पेन्सिल लागत नाही आणि शिकवणाऱ्याला लिहिता-वाचता यावे लागते असेही नाही. हे काम घरातली आजी सर्वांत चांगले करील.

भेंड्यांचा खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गावांच्या नावांच्या भेंड्या घ्याव्यात. गंगापूर म्हटले की 'र' आला, रामटेक. 'क' आला, कळवण. आता 'ण' आला आणि पोरे अडली, कारण 'ण'ने सुरू होणारा शब्द सापडत नाही. हसत-खेळत मुलाने शब्दाचा शेवटचा आवाज पकडला आणि त्याच आवाजाने सुरू होणारा दुसरा शब्द शोधला. वाचनाची अर्धी मशागत इथेच झाली. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी आणखी सोपा खेळ असा : "घरात 'प'नं सुरू होणारं काय काय आहे?" पाणी, पोळी, पंखा, पाट. पुढे टाळी वाजवून शब्दाचे तुकडे पाडावेत. गं-गा-पू-र, चार टाळ्या. ऊ-स, दोन टाळ्या. मग उलट करावे. आपण 'गो' आणि 'ड' वेगवेगळे म्हणावे आणि मुलाने 'गोड' असे जोडून सांगावे. भाकरी थापता थापता, गाईला चारा टाकता टाकता हे करता येते.

चार अक्षरे आणि चार खुणा

आता पाटीकडे येऊ. नाशिकच्या अशोक स्तंभापासून निघून गंगापूर गावाकडे आणि पुढे धरणाकडे जाणारा हा रस्ता आपण सर्वांनी पाहिलेला आहे. मराठा विद्या प्रसारक समाज ही १९१४ साली स्थापन झालेली संस्था याच रस्त्यावर आहे. पुढे धरणाजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालापासून उभे आहे, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद आहे. शिक्षणाचा रस्ता म्हणतात तो हाच. पण आम्हांला तिथल्या इमारतींपेक्षा दुकानांवरच्या पाट्या अधिक उपयोगाच्या वाटतात. जवळजवळ प्रत्येक पाटीवर खाली पत्ता असतो : गंगापूर रोड.

या दोन शब्दांत अक्षरे फक्त चार आहेत : ग, प, र, ड. आणि खुणाही चारच आहेत : काना, दीर्घ उकार, ओकार आणि अनुस्वार. एवढ्या सामानातून किती शब्द होतात ते पाहा : गड, गार, गोड, गोरा, गाडा, पार, पूर, पोर, पापड, रंग, राग, रोप, रोग, डाग, डोंगर, पोरगा. सोळा तर सहज झाले, आणखीही निघतील. हे सगळे मुलाच्या बोलण्यातले शब्द आहेत. मुलाने 'पोरगा' हा शब्द कुणी न सांगता स्वतः वाचला, की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते बक्षीस देऊन मिळत नाही.

करायचे ते असे. पहिल्या दिवशी 'ग' आणि 'र' दाखवावे, फक्त आवाज सांगावा. दुसऱ्या दिवशी काना द्यावा आणि 'गार' वाचायला लावावे. मग 'प', मग 'ड'. एका वेळी एकच नवी गोष्ट द्यावी, आणि ती दिली की लगेच जुन्यांत मिसळून शब्द करावेत. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे चौकोन कापून त्यांवर एकेक अक्षर लिहिले की पत्त्यांसारखा डाव मांडता येतो. वाचताना बोट डावीकडून उजवीकडे सरकवावे आणि श्वास न तोडता आवाज लांबवावा : गोऽऽड. तुकडे पडले, 'डों... ग... र' असे झाले, तर "आता भरभर म्हण" एवढेच सांगावे. शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण बोलताना खातो. आपण 'डोंगर' म्हणतो, 'डोंगरऽ' म्हणत नाही. हा नियम म्हणून शिकवू नये. शब्द ओळखीचा असला की मुलाची जीभ आपोआप वळते. म्हणूनच सुरुवातीला ओळखीचेच शब्द घ्यायचे.

पहिला गट पक्का झाला की दुसरा घ्यावा : क, न, स, ळ, ऊ आणि दीर्घ वेलांटी. आता आपले शब्द आले : ऊस, गूळ, कांडी, सरी, पीक, नांगर, कापूस, काकडी. तिसऱ्या गटात म, त, ल, ब, आ, ई आणि त्यांच्या जोडीला एकार, ऱ्हस्व वेलांटी व ऱ्हस्व उकार : आई, मका, तेल, केळी, मुलगी, गुलाब, बिल. एवढे झाले की मूल छोटी वाक्ये वाचू लागते. 'आई, गूळ गोड लागला' हे वाक्य या तीन गटांतच बसते. मग राहिलेली अक्षरे त्याच पद्धतीने घ्यावीत. दर आठवड्याला मागचे शब्द पुन्हा काढावेत आणि जे विसरले असेल ते भरून घ्यावे. उगवण विरळ झाली तर आपण नांगे भरतोच की!

फलटणचा अनुभव

ही रीत आम्ही नव्याने शोधलेली नाही. फलटण हा आपल्यासारखाच उसाचा मुलूख. तेथे डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर हे काम केले. त्या १९६१ साली भारतात आल्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी संशोधन केले आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतले. शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या गरीब वस्तीतल्या मुलांना त्या शिकवू लागल्या. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. सगळी वर्णमाला क्रमाने न घेता अक्षरांचे छोटे गट करायचे, मात्रा सुरुवातीपासून आणायच्या, लगेच शब्द करायचे आणि मुलांशी त्यांच्या जगण्याविषयी बोलायचे, असा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. मराठी घरात जन्मलेल्या आपल्याला जे सहज म्हणून दिसत नाही, ते बाहेरून येऊन भाषा शिकलेल्या माणसाला बरोबर दिसले.

त्याही आधी, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालशिक्षण मुलांच्या अंगणात नेले. 'अंगणवाडी' हा शब्द तिथलाच. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. शिक्षणाला अंगण पुरते, हे आपल्या लोकांनी कधीच सिद्ध केलेले आहे.

कुठे अडते

काही जागा हमखास अडणाऱ्या आहेत. त्या आधी माहीत असल्या म्हणजे मुलावर चिडण्याची वेळ येत नाही.

'बिल' या शब्दात वेलांटी 'ब'च्या आधी लिहिली जाते, पण तिचा आवाज 'ब'च्या नंतर येतो. मूल डावीकडून वाचत येते आणि इथे गोंधळते. चूक मुलाची नसते, लिपीच तशी आहे. दोन्ही मिळून 'बि' हे एकच चित्र म्हणून दाखवावे.

घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ही अक्षरे दिसायला जवळची आहेत. ती एकाच आठवड्यात शिकवू नयेत. एक पक्के झाले की मगच दुसरे.

'च', 'ज', 'झ' यांचे आवाज दोन-दोन आहेत. चूल आणि चिमणी, जाळ आणि जिरे, झाड आणि झेंडा म्हणून पाहावे. अक्षर एक पण आवाज दोन. मुलाने एक म्हणून पाहावा, शब्द जमला नाही तर दुसरा म्हणावा.

अनुस्वाराचेही असेच. गंगापूर, आनंदवल्ली आणि अशोक स्तंभ हे तिन्ही शब्द म्हणून पाहा. नाकातला आवाज तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. "वर टिंब दिसलं की नाकातून म्हण" एवढे सांगितले की पुरते.

जोडाक्षरे सर्वांत शेवटी घ्यावीत. त्यांसाठीही हाच रस्ता उपयोगी आहे. आनंदवल्लीत 'ल'ला 'ल' जोडला आहे आणि सोमेश्वरात 'श'ला 'व' जोडला आहे. गोवर्धनमध्ये रफार 'ध'च्या डोक्यावर बसला असला तरी त्याचा आवाज 'ध'च्या आधी येतो. 'र' तर चार रूपे घेतो. प्रकाशातला वेगळा, ट्रॅक्टरमधला वेगळा, सूर्यातला वेगळा आणि गुऱ्हाळातला वेगळा. शहरात जाताना गाडीत मुलाला खिडकीशी बसवावे आणि पाट्या वाचू द्याव्यात.

आणखी एक. घरात 'पानी' म्हणत असतील आणि मुलाने 'पाणी' हा शब्द पाहून 'पानी' असा वाचला, तर त्याला अडवू नये. त्याने अक्षर ओळखले आहे आणि अर्थही धरला आहे. बागलाण-मालेगावकडे घरात अहिराणी बोलतात, तिथेही हेच लागू. घरची बोली ही मुलाची जमीन आहे. तिला हसून पीक सुधारत नाही. वाचन जसे वाढते, तसा छापील उच्चार आपोआप कानावर बसतो.

इंग्रजी शाळेतली मुले

"हे मराठीचं झालं, आमचं पोरगं तर इंग्रजीला आहे," असे काही सभासद म्हणतील. इंग्रजीत अक्षरे सव्वीस आणि आवाज सुमारे चव्वेचाळीस. शिवाय अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. 'सी, ए, टी' ही तीन नावे कितीही भरभर म्हटली तरी 'कॅट' होत नाही. 'क्, अ‍ॅ, ट्' हे आवाज जोडले तरच होते. आवाजावरून वाचायला शिकवण्याच्या या रीतीला 'फोनिक्स' म्हणतात. अमेरिकेत सरकारने नेमलेल्या वाचनविषयक मंडळाने २००० साली पुष्कळ संशोधन तपासून, अक्षर आणि आवाज यांची जोड पद्धतशीर शिकवली तर मुलांना फायदा होतो, असा निष्कर्ष दिला. आज शहरात याच नावाचे क्लास निघाले आहेत. क्लास लावू नये असे आम्ही म्हणत नाही. पण आवाज ओळखणे आणि ते जोडणे ही यातली मुख्य युक्ती आहे. ती मुलाच्या स्वतःच्या भाषेत आधी साधली, तर इंग्रजीतही तीच उपयोगी पडते. ज्यांना इंग्रजी येत नाही अशा आई-वडिलांनी म्हणूनच हात गाळून बसू नये. मराठीतून पाया घालून द्यावा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा निर्णय झाला आणि आपण सर्वांनी आनंद मानला. तो आनंद खरा करायचा तर आपल्या घरातल्या मुलाला 'डोंगर' हा शब्द वाचता आला पाहिजे.

घरात काय पाळावे

वेळ ठरलेली असावी, दहा ते पंधरा मिनिटे, पण रोज. आठवड्याचे पाणी एकदम दिले तर पिकाला मानवत नाही, तसेच हे आहे. मूल कंटाळण्याआधी थांबावे. मारू नये, आणि भावंडाशी तुलना करू नये. लिहिण्याची घाई नको. हाताला वळण येईपर्यंत धुळीत, राखेत, रांगोळीत बोटाने गिरवू द्यावे. शिकवण्याबरोबरच रोज काहीतरी वाचून दाखवावे : गोष्ट, वर्तमानपत्रातली बातमी, नाहीतर हाच अंक. वाचता न येणाऱ्यांनी गोष्ट सांगावी. शब्दांचा साठा गोष्टींतूनच होतो, आणि ज्याचा अर्थ माहीत नाही तो शब्द वाचूनही उपयोग नसतो.

इतके करूनही मूल फार मागे राहत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. काही हुशार मुलांनाही अक्षरे मुळातच जड जातात, त्यास डिस्लेक्सिया म्हणतात. तो आळस नव्हे आणि त्यात कमीपणाही नाही. अशा मुलाला जाणकाराकडे लवकर न्यावे.

मूल वाचू लागले की त्याला खरे काम द्यावे. उसाची वजन पावती त्याच्या हाती द्यावी आणि गावाचे नाव, उसाची जात, तारीख वाचायला सांगावे. बियाण्याच्या पिशवीवरची, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचून घ्यावी. आपल्यातले कितीतरी वडीलधारे सभासद आजही दाखवतील तिथे सही करतात किंवा अंगठा उठवतात. घरातला नातू पावती वाचून दाखवू लागला, तर आजोबांची ती अडचण दूर होते. सहकारात सभासदाला हिशेब विचारण्याचा हक्क आहे, पण तो वाचता आला तरच उपयोगाचा.

शेवटी एक विनंती. हंगाम सुरू झाला की आपल्या फडात टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही येतात. गावाकडची शाळा सुटलेली असते आणि पाचटात खेळत त्यांचे महिने जातात. आपले मूल संध्याकाळी पाटी घेऊन बसेल तेव्हा कोपीवरच्या एखाद्या पोराला शेजारी बसवावे. चार अक्षरे आणि चार खुणा दोघांना एकदम शिकवता येतात, वेगळा खर्च नाही. आपला ऊस तोडणाऱ्याचे मूल हंगाम संपताना 'ऊस' हा शब्द वाचून गावी गेले, तर त्या हंगामात आपल्या शिवारात आणखी एक पीक आले असे आम्ही समजू.

पाटी घरात आहे, शब्द तोंडात आहेत. सभासद बंधु-भगिनींनी आज रात्रीच्या जेवणाआधी 'ग' आणि 'र' या दोन अक्षरांनी सुरुवात करावी.